व्हॅलेन्सिया, कादिझ की मालागा? स्पेनच्या किनाऱ्यावर शिकायला जाणाऱ्यांसाठी

स्पेनला शिकायला जायचं ठरलं आणि माद्रिद-बार्सेलोनाचा खर्च झेपणार नाही असं दिसलं, की समुद्राकाठची तीन नावं पुढे येतात: व्हॅलेन्सिया, मालागा आणि कादिझ. तिन्हीकडे ऊन आहे, वाळू आहे, सरकारी विद्यापीठ आहे. माहितीपत्रकांतले फोटो तर एकमेकांत मिसळले तरी कळणार नाही. प्रत्यक्षात मात्र ही तीन गावं फार वेगळी आहेत आणि चुकीचं गाव निवडलं तर वर्ष वाया जाऊ शकतं.

माझं मत आधीच सांगते. अधिकृत पदवी घ्यायची असेल, विशेषतः इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा डिझाइनमधली, तर व्हॅलेन्सिया. भाषा शिकायची असेल तर कादिझ. मालागा मी फक्त संगणक आणि टेलिकॉमवाल्यांना सुचवेन. आता का, ते सविस्तर.

विद्यापीठाचं नाव एक, वर्ग भलतीकडेच

व्हॅलेन्सियात दोन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत. व्हॅलेन्सिया विद्यापीठ 1499 सालचं. पॉलिटेक्निक विद्यापीठ 1968 मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून वाढलेलं. पॉलिटेक्निकचा मुख्य कॅम्पस वेरा भागात आहे. तिथून समुद्र सायकलने अगदी जवळ, दारात ट्राम आणि शेजारीच व्हॅलेन्सिया विद्यापीठाचा तारोंजर्स कॅम्पस, म्हणजे कायदा आणि अर्थशास्त्र. पण त्याच विद्यापीठाचा विज्ञान विभाग बुर्हासोतला, शहराला लागून पण समुद्रापासून लांबच्या बाजूला आहे. भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला आणि घर मालवारोसा किनाऱ्याजवळ घेतलं, तर रोज शहर ओलांडावं लागेल.

कादिझमध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. 1979 साली स्थापन झालेल्या कादिझ विद्यापीठाचे कॅम्पस चार ठिकाणी विखुरलेत. मानव्यशास्त्रं आणि वैद्यक कादिझ शहरात, इंजिनिअरिंग आणि सागरी विज्ञान खाडीपलीकडे पुएर्तो रियालमध्ये, कायदा हेरेझमध्ये, आणि चौथा कॅम्पस पार आल्हेसिरासला. जुन्या गावातल्या मानव्यशास्त्र विभागापासून ला कालेता ही छोटी पुळण चालत गाठता येते. माहितीपत्रकात तिचाच फोटो असतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला ती शनिवार-रविवारी दिसणार. तेव्हा प्रवेशपत्रातलं विद्यापीठाचं नाव वाचून थांबू नका, विभागाचा पत्ता नकाशावर टाकून पाहा.

मालागा विद्यापीठ 1972 चं. मुख्य तेआतिनोस कॅम्पस किनाऱ्यावर नाही, पण 2014 पासून तिथवर मेट्रो जाते. परदेशी विद्यार्थ्यांचे स्पॅनिशचे वर्ग मात्र एल पालो या जुन्या कोळीवस्तीच्या भागात भरतात आणि तिथून समुद्र खरोखर जवळ आहे.

सागरी विज्ञानाबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं, कारण या एका विषयात कादिझ सरस आहे. पुएर्तो रियालमध्ये समुद्र आणि पर्यावरण विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. युरोपातल्या किनारपट्टीवरच्या विद्यापीठांच्या 'सी-ईयू' या गटाचं नेतृत्वही कादिझकडे आहे. पाणी आणि किनारपट्टी व्यवस्थापनाचा 'वाकोमा' हा इरॅस्मस मुंडुस (युरोपीय संघाच्या पाठबळावरचा संयुक्त मास्टर) अभ्यासक्रम बोलोन्या, आल्गार्व्ह आणि कादिझ या विद्यापीठांनी मिळून चालवला आहे. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेभोवती वाढलेल्या किंवा रत्नागिरीत मत्स्यविज्ञान केलेल्या मुलांनी इतर दोन शहरांकडे बघण्याआधी कादिझची वेबसाइट उघडावी.

भाषा: इथेच खरा फरक पडतो

पुण्यात रानडेमध्ये किंवा एखाद्या खासगी क्लासमध्ये स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी कादिझला उतरतो आणि पहिल्या आठवड्यात हबकतो. पुस्तकात शिकलेला 'स' शब्दाच्या शेवटी ऐकूच येत नाही. 'मास ओ मेनोस' म्हणजे कमीजास्त, ते तिथे 'माह्ओमेनो' होतं, 'पेस्कादो' म्हणजे मासळी 'पेह्काओ' होते. वेगही जास्त. म्हणून पुष्कळ लोक सल्ला देतात, की 'शुद्ध' स्पॅनिश शिकायला उत्तरेकडे जा, आंदालुसियात, म्हणजे कादिझ-मालागाच्या दक्षिण भागात, नको.

मला हा सल्ला पटत नाही. एक तर डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात स्पेनबरोबर लॅटिन अमेरिकेतले आवाजही असतात आणि कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बोलीतही शब्दाअखेरचा 'स' असाच गळतो. ज्याचा कान कादिझमध्ये तयार झाला, त्याला पुढे हवाना अवघड जात नाही. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं: कादिझ लहान आहे, लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. भाजीवाली, शेजारीण, बसचालक तुमच्याशी इंग्रजी बोलणार नाहीत, आणि मुद्दाम हळूही बोलणार नाहीत. बाजारात मासळीच्या गाळ्यावर तुमचा नंबर आला की तुम्हाला बोलावंच लागतं: पाव किलो, साफ करून, डोकं काढून. मागे रांग उभी असते. अशा चार सकाळी गेल्या की तोंड उघडतं. फेब्रुवारीच्या सुमाराला कार्निव्हलमध्ये चिरिगोता ही विनोदी गाणी गाणारी मंडळी राजकारण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवतात. ती टर कळायला लागली, की आपण पुढे सरकलो हे परीक्षेशिवाय समजतं.

मालागात याच्या बरोबर उलट. कोस्ता देल सोल या पर्यटकी किनारपट्टीचं ते प्रवेशद्वार. मोठा विमानतळ, वर्षभर ब्रिटिश आणि उत्तर युरोपीय पर्यटक. शहराच्या मध्यभागी तुम्ही अडखळत स्पॅनिश बोलायला गेलात तर समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. राहायला सोयीचं, शिकायला घातक. तिथे जायचंच असेल तर घर मध्यवस्तीपासून लांब घ्या.

व्हॅलेन्सियाचा प्रश्न तिसराच. तिथे स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन ही कॅटलानशी एकरूप असलेली भाषाही अधिकृत आहे आणि विद्यापीठांत बरेच वर्ग तिच्यात चालतात. उत्तर भारतातून कोल्हापूरला आलेल्या मुलाला प्राध्यापकांनी मराठीत शिकवायला सुरुवात केल्यावर जसं वाटेल, तसं तुम्हाला होऊ शकतं. घाबरायचं कारण नाही: प्रत्येक विषयाचा तास कोणत्या भाषेत आहे हे नोंदणीआधी विद्यापीठाच्या साइटवर दिलेलं असतं आणि बहुधा गट निवडता येतो. मात्र हे बघायचं काम तुमचं.

घर

व्हिसासाठी दरमहा किती पैसे दाखवायचे, ते स्पेनमधल्या 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकावर ठरतं. 2025 साली तो महिना 600 युरो होता. बरेच पालक यालाच खर्चाचा अंदाज समजतात. तिथेच गणित चुकतं. व्हॅलेन्सियात किंवा मालागात सामायिक फ्लॅटमधली एक खोलीच यातला मोठा वाटा खाऊन टाकते. मालागात तर पर्यटकांना दिवसावर दिलेल्या घरांमुळे भाडी इतकी चढली, की 2024 च्या जूनमध्ये हजारो स्थानिक रस्त्यावर उतरले होते.

कादिझचं जुनं गाव तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेलं. नवी घरं बांधायला जागाच नाही. तिथली एक पद्धत आधीच माहीत असू द्या: विद्यार्थ्यांना घर बहुतेक वेळा सप्टेंबर ते जून याच काळासाठी देतात आणि उन्हाळ्यात तेच घर पर्यटकांना जातं. बारा महिन्यांचा अभ्यासक्रम असेल तर जुलै-ऑगस्टची सोय वेगळी करावी लागते. डिपॉझिट एक ते दोन महिन्यांचं धरून चला. घर बघितल्याशिवाय, कुणी कितीही गोड बोललं तरी, पैसे पाठवू नका. पहिले दहा-बारा दिवस हॉस्टेलवर काढणं परवडतं.

व्हॅलेन्सियात विद्यार्थ्यांची आवडती वस्ती बेनिमाक्लेत. जुन्या गावाचा चेहरा टिकलेली, दोन्ही विद्यापीठांना सोयीची. दक्षिणेकडच्या पायपोर्ता, कातारोहा, आल्फाफार या गावांत घर स्वस्त मिळतं, पण 29 ऑक्टोबर 2024 च्या महापुराने नेमकी हीच गावं उद्ध्वस्त केली. दोनशेहून अधिक माणसं गेली. मूळ शहर बऱ्याच अंशी वाचलं, कारण 1957 च्या पुरानंतर तुरिया नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून वळवला होता. नदीच्या कोरड्या पात्रात आज नऊ किलोमीटरचं उद्यान आहे आणि पुष्कळ विद्यार्थी त्यातूनच सायकलने ये-जा करतात. दक्षिणेकडच्या गावात राहायचं झालंच तर तळमजला घेऊ नका आणि मोबाइलवर येणारा आपत्तीचा इशारा कधी बंद करू नका.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. किनाऱ्यावरच्या पुष्कळ जुन्या घरांत हीटिंग नसतं. जानेवारीत बाहेर छान ऊन आणि खोलीत ओलसर गारठा. जाड रजई तिथेच विकत घ्या, बॅगेत भरू नका.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाची तिन्हीकडे चैन आहे. मालागाच्या किनाऱ्यावर सळईत ओवून विस्तवावर भाजलेली तारली तर नक्की खा. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, ताटात ट्यूना येतो. स्वयंपाक शिकून जा. आपला किराणा व्हॅलेन्सियात सहज मिळेल, कादिझमध्ये शोधावा लागेल.

कागदपत्रं आणि काम

नव्वद दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा पुरतो, त्यापुढे विद्यार्थी व्हिसा. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. मार्कशीट आणि पदवीवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणनाचा शिक्का, मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. यात बराच वेळ जातो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता सुरू करा. 'मास्टर' नाव असलेला प्रत्येक कोर्स अधिकृत नसतो. विद्यापीठाची स्वतःची पदवी असेल तर तिच्यावर पीएचडीला प्रवेश मिळत नाही. शुल्क भरण्याआधी 'हा मास्टर ओफिसियाल आहे का' हे ईमेलवर लेखी विचारा.

विद्यापीठातल्या अधिकृत अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येतं. पण काम मिळायला हवं ना! कादिझ प्रांतात बेरोजगारी स्पेनमधल्या सर्वाधिकांपैकी आहे. तिथे कमावून शिकण्याचा बेत आखू नका. मालागाची बाजू इथे भक्कम. गूगलने 2012 मध्ये विकत घेतलेली 'व्हायरसटोटल' मालागाचीच, आणि आज गूगलचं सायबर सुरक्षा केंद्रही तिथे आहे. शहराबाहेरच्या टेक्नॉलॉजी पार्कमुळे इंटर्नशिपची शक्यता वाढते. संगणकवाल्यांनी मालागाचं महाग भाडं सोसावं ते एवढ्यासाठीच.

अजूनही व्हॅलेन्सिया आणि कादिझमध्ये अडकला असाल तर स्वतःची स्पॅनिशची पातळी बघा. युरोपीय भाषापातळ्यांतली बी-दोन, म्हणजे मध्यमाच्या वरची, पार केली असेल तर थेट व्हॅलेन्सियाला अर्ज करा. ए-दोनवर, म्हणजे प्राथमिक पातळीवर, रेंगाळत असाल तर आधी एक सत्र कादिझमध्ये भाषेसाठी काढा आणि पदवीचा अर्ज पुढच्या वर्षी भरा. सप्टेंबरपासून राहायचं असेल तर कादिझमधली खोली मे-जूनपासून शोधायला लागा. व्हॅलेन्सियाला घर बघायला मार्चच्या मध्यात जाऊ नका. 19 मार्चपर्यंत फायास या तिथल्या मोठ्या सणाचे फटाके चालू असतात, सगळे हॉस्टेल भरलेले असतात आणि घरमालक फोन उचलत नाहीत.