वाशीत मिळणारा हार्ड डिस्क डॉक: वेग छान, डिस्कच्या सेक्टरचा हिशोब मात्र वेगळा

वाशी सेक्टर १७ मधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळणारा हा साधा यूएसबी ३.० डॉक (सुटी डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड) जुन्या ३.५ इंची डिस्क वाचायला चांगला आहे. सोबत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर येतो, तोच वापरा. राउटरचा १ अँपिअरवाला लावलात तर मोटर सुरू होतानाच पॉवर कमी पडते, टकटक ऐकू येते आणि चांगली डिस्क मेली असं वाटतं.

डिस्क भरत जाते तसा कॉपीचा वेग उतरतो. त्यात डॉकचा दोष नाही. बाहेरच्या ट्रॅकवर, म्हणजे गोल पट्ट्यावर, सेक्टर (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) जास्त मावतात, आतल्यावर कमी, आणि फिरण्याची गती तीच. काही सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे ‘२५५ हेड, ६३ सेक्टर’ हे आकडे नुसते कागदावरचे. एवढी हेड, म्हणजे डेटा वाचणारी टोकं, कुठल्याच डिस्कमध्ये नसतात. कामाचा पत्ता एकच, एलबीए, म्हणजे शून्यापासून मोजलेला सेक्टरचा नंबर.

खरी गोची इथेच आहे. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क लावली की हा डॉक सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा सांगतो. हेतू वाईट नाही: एमबीआरमध्ये, म्हणजे पार्टिशनच्या जुन्या पद्धतीच्या टेबलमध्ये, ३२ बिटांचाच नंबर बसतो, त्यामुळे ५१२ च्या हिशोबाने मजल २.२ टीबीपर्यंतच जाते; सेक्टर मोठा सांगितला की ती वाढते. पण या डॉकमध्ये फॉरमॅट केलेलं पार्टिशन एलबीए २५६ ला, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू होतं. तीच डिस्क थेट साटाला, म्हणजे मदरबोर्डवरच्या डिस्कच्या पोर्टला, जोडा. आता सेक्टर ५१२ चा. २५६ गुणिले ५१२ म्हणजे १२८ केबी. विंडोज तिथे बघतं, काही सापडत नाही, ‘रॉ’ (फॉरमॅट न ओळखलेली डिस्क) दाखवतं आणि फॉरमॅट करू का विचारतं. जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, असेल तर टेबलच सापडत नाही, कारण ते एलबीए १ वर असतं आणि तो पत्ताही आता ४०९६ ऐवजी ५१२ व्या बाइटवर पडतो. दोन्ही वेळा विंडोजने काही करू का विचारलं तर ‘नाही’ म्हणा, डेटा जागच्या जागी आहे.

डिस्क परत डॉकमध्ये लावा, डेटा दुसरीकडे काढा, मग साटावर नव्याने जीपीटी करा. डॉकच बंद पडला असेल तर लिनक्सवर त्या डिस्कचं ४०९६ च्या सेक्टरचं, रीड-ओन्ली लूप डिव्हाइस (त्याच डिस्कवर उभी केलेली आभासी डिस्क) बनवा. बहुतेक वेळा पार्टिशन दिसतं.

कुठलाही डॉक घेताना लॅपटॉप आणि ४ टीबीची डिस्क सोबत न्या. विंडोजमधलं एमएसइन्फो३२ (सिस्टिमची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून स्टोरेजखाली डिस्कचे ‘बाइट्स/सेक्टर’ बघा. ५१२ आलं तरच पैसे द्या.