फाउंडेशनचे तिन्ही सीझन : जिथे पुस्तक सोडलं तिथेच पुस्तकाला जागले

आयझॅक असिमोवच्या विज्ञानकादंबऱ्यांवर ॲपलने केलेल्या 'फाउंडेशन' मालिकेचा तिसरा सीझन २०२५ मध्ये संपला, म्हणजे आता एकूण तीस भाग झाले, आणि ज्यांनी असिमोव वाचलाय पण "पुस्तकाची वाट लावलीय" असं ऐकून अजून सुरूच केली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. बघा. पण सम्राटासाठी बघा, फाउंडेशनच्या गोष्टीसाठी बसलात तर पहिल्याच सीझनला चिडाल. पहिल्या दोन सीझनचे स्पॉयलर खाली आहेत, तिसऱ्याचा शेवट फोडत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी, हरी सेल्डन नावाचा गणिती सायकोहिस्टरी या आपल्या शास्त्राने सांगतो की आकाशगंगेवरचं साम्राज्य कोसळणार आहे, आणि ज्ञान वाचवायला टर्मिनस या टोकाच्या ग्रहावर फाउंडेशन ही वसाहत उभी करतो. आधी हे मान्य करूया की हे पुस्तक पडद्यावर आणणं भयंकर अवघड आहे. १९५१ चं पहिलं पुस्तक म्हणजे सलग कादंबरी नाहीच, त्यातल्या चार कथा १९४२ ते १९४४ मध्ये मासिकात आलेल्या आणि पहिला भाग पुस्तकासाठी नंतर लिहिलेला. दर कथेत काही दशकं उलटतात, जुनी माणसं मेलेली असतात, नवीन माणसं खोलीत बसून बोलत असतात. लढाया होतात त्या बाहेर कुठेतरी, आपल्याला नंतर कळतात. सगळ्यात कमाल म्हणजे टर्मिनसचा महापौर सॅल्वर हार्डिन याचा पहिला पेचप्रसंग, शत्रू दारात उभा, हार्डिनला उपाय सुचतो आणि तिथेच कथा संपते, पुढची कथा तीस वर्षांनी सुरू होते आणि त्याने काय केलं होतं ते आपल्याला गप्पांमधून कळतं! वाचताना हे जबरदस्त वाटतं, कारण वाचक म्हणून आपणही ते कोडं सोडवत असतो. पण हेच मालिकेत केलं तर प्रेक्षक रिमोट फेकून मारेल. बीबीसीने १९७३ मध्ये याचं आठ भागांचं रेडिओ नाटक केलं होतं आणि ते माध्यम याला किती बरोबर होतं, नुसते आवाज आणि वाद. सिनेमावाल्यांच्या हातात हक्क बरीच वर्षं फिरले, दिग्दर्शक एमरिकचं नाव झालं, मग एचबीओसाठी जोनाथन नोलनचं झालं, शेवटी डेव्हिड गॉयरने ॲपलसाठी २०२१ मध्ये करून दाखवलं. असिमोवची मुलगी रॉबिन कार्यकारी निर्मात्यांमध्ये आहे.

आता बदलांबद्दल. सेल्डनचा तरुण सहकारी गाल डॉर्निक आणि हार्डिन यांना मालिकेत बायका केलं म्हणून जो आरडाओरडा झाला त्याला माझ्या लेखी काहीच अर्थ नाही, पहिल्या पुस्तकात बायका जवळपास नाहीतच आणि हार्डिनच्या डोक्याला लिंग नाही. खरी गडबड वेगळीच आहे. सायकोहिस्टरीचा सगळा पाया असा की एकटा माणूस काय करेल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी माणसांचं एकत्र वागणं गणिताने सांगता येतं, वायूचा एक रेणू कुठे जाईल ते माहीत नसतं पण दाब किती ते मोजता येतो तसंच. म्हणजे पुस्तकात हिरो कोणी नाही, परिस्थितीच अशी आवळत जाते की एकच वाट उरते आणि हार्डिन फक्त ती वाट ओळखतो. मालिकेतली सॅल्वर बंदूक घेऊन फिरते, तिला आतून काहीतरी जाणवतं, तिच्यात खास शक्ती आहे, आणि पुढे तर ती गालचीच मुलगी निघते, गालला भविष्य दिसतं! अरे मग गणित कशाला पाहिजे? नाव हार्डिनचं ठेवलं, ग्रहाचं नाव टर्मिनस, शत्रू शेजारच्या अॅनाक्रिऑन राज्याचेच, सगळं पुस्तकातलं, आणि पुस्तक म्हणतं त्याच्या बरोबर उलटं सांगितलं. बंदुकीची मारामारी चार-चार भाग चालते तेव्हा मला खरंच त्रास होतो, कारण पुस्तकातला हार्डिन शेजारच्या चार राज्यांना एकमेकांची भीती घालून एकही गोळी न झाडता सुटतो आणि ते दाखवलं असतं तर कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त थरार झाला असता.

आणि आता सम्राट. क्लिऑन हे नाव असिमोवचं, पण क्लोन केलेल्या राजवंशाची कल्पना पूर्ण मालिकेची. एकाच माणसाच्या तीन प्रती कायम जिवंत, तरुण डॉन, राज्य करणारा डे, म्हातारा डस्क, आणि शतकानुशतकं तेच. पुस्तकात याचा मागमूस नाही. पण विचार करा, बारा हजार वर्षांचं साम्राज्य कुजतंय म्हणजे नेमकं काय होतंय, हे असिमोवने आपल्याला संवादातून सांगितलं, मालिकेने ते एका चेहऱ्यात आणून ठेवलं. साम्राज्य बदलू शकत नाही कारण सम्राट अक्षरशः तोच आहे! शिवाय शेकडो वर्षांच्या उड्या मारूनही डेचं काम करणारा ली पेस प्रत्येक सीझनला परत येतो, म्हणजे पात्रं मरत राहण्याची अडचणसुद्धा सुटली. पहिल्या सीझनमध्ये डे एका वाळवंटातल्या यात्रेला अनवाणी जातो, क्लोनला आत्मा असतो का हा प्रश्न उभा राहिलेला असतो, आणि शेवटी त्याला काहीच दर्शन होत नाही आणि तो खोटं सांगतो. ली पेसचा तिथला चेहरा बघा. लॉरा बर्नने केलेली सम्राटांची सल्लागार डेमरझेल तर सगळ्या मालिकेचा कणाच आहे, तिच्याबद्दल जास्त लिहित नाही, असिमोवची रोबोटवाली पुस्तकं वाचलेल्यांना कळेलच.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीवरच्या सिनेमांच्या बाबतीतही हेच बघितलं. लिंचने १९८४ मध्ये पात्रांचे मनातले विचार तसेच्या तसे कुजबुजत ऐकवले, पुस्तकाबरहुकूम, आणि ऐकायला अवघडल्यासारखं होतं. विलनव्हने २०२४ च्या भागात प्रेयसी चानीला नायक पॉलच्या देवपणावर विश्वास न ठेवणारी केलं, पुस्तकात ती तशी नाही, पण तारणहारापासून सावध राहा हे हर्बर्टला जे म्हणायचं होतं ते त्या एका बदलामुळे पोचलं.

परत फाउंडेशन. दुसरा सीझन (२०२३) माझ्या मते सगळ्यात चांगला. साम्राज्याचा सेनापती बेल रियोझ याची पुस्तकातली गोष्ट म्हणजे असिमोवचं सगळ्यात देखणं तर्कशास्त्र, सम्राट दुबळा असेल तर सेनापती सिंहासनावर डोळा ठेवेल आणि बाहेर लढायलाच जाणार नाही, सम्राट ताकदवान असेल तर जिंकणाऱ्या सेनापतीला तोच संपवेल, म्हणजे फाउंडेशन कुठल्याही बाजूने वाचतंच. मालिकेत हा तर्क कोणी फळ्यावर लिहून सांगत नाही, पण डे स्वतः आघाडीवर येऊन धडकतो, त्याला सेनापतीवर सोडवत नाही, आणि तिथेच सगळं फुटतं. फाउंडेशनचा व्यापारी होबर मॅलोसुद्धा छान जमलाय, साम्राज्याची जहाजं ताऱ्यांमधली अंतरं एका उडीत पार करतात ती ज्या स्पेसर नावाच्या जहाज चालवणाऱ्या लोकांच्या जिवावर, ते साम्राज्याच्याच पुरवठ्यावर जगतात, आणि हा पठ्ठ्या सरळ त्यांच्याशी सौदा करायला जातो. पुस्तकातला मॅलोही युद्ध व्यापारानेच जिंकतो, घटना वेगळ्या पण डोकं तेच. असं पहिल्या सीझनमध्ये का नाही केलं हो!

एक गोष्ट मात्र तिन्ही सीझनभर खटकते. पुस्तकातला सेल्डन मेलेला आहे, टर्मिनसवरच्या वॉल्ट नावाच्या खोलीत संकटाच्या वेळी दिसतो ते रेकॉर्डिंग, त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. त्यामुळेच म्यूल, म्हणजे लोकांची मनं ताब्यात घेणारा आणि सेल्डनच्या गणितात न बसणारा एकटा माणूस, येतो तेव्हा सगळे आशेने जमतात, सेल्डन प्रकट होतो आणि भलत्याच संकटाबद्दल शांतपणे बोलत राहतो. वाचताना पोटात खड्डा पडतो. मालिकेत जॅरेड हॅरिसला ठेवायचं म्हणून सेल्डनची डिजिटल प्रत केली, ती बोलते, ऐकते, चिडते, हॅरिस काम उत्तमच करतो, पण जो उत्तर देऊ शकतो त्याच्याकडून ती भीती येऊच शकत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये म्यूल आहे, पिलू अस्बेक भीतिदायक आहे, शेवटच्या खुलाशावर पुस्तकवाल्यांची भांडणं होणार हे नक्की, मला तो पटला नाही पण धक्का प्रामाणिक होता. त्या सीझनमधले क्लिऑनचे प्रसंग मात्र पुन्हा एकदा बाकी सगळ्याला खाऊन टाकतात.

चित्र-आवाज याबद्दल तक्रार नाही, साम्राज्याची राजधानी ट्रँटॉर मोठ्या पडद्यावर बघा, बेअर मॅकक्रीरीच्या संगीतासाठी हेडफोन लावा. पुस्तक आधी वाचलं नसेल तर पहिलं तरी वाचून घ्या, छोटं आहे. मालिका आधी बघितली तर हार्डिन म्हटलं की बंदूकवालीच डोळ्यासमोर येईल. पहिल्या सीझनमध्ये टर्मिनसचे प्रसंग रेंगाळायला लागले तरी सोडू नका, ट्रँटॉरचे प्रसंग येतील तेवढे नीट बघा आणि दुसऱ्या सीझनपर्यंत पोचा. पाचपैकी साडेतीन, नुसत्या सम्राटाला पाच.