निवृत्तीनंतर गाणं की वारली?

दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितो. आधी वर्षभर नौपाड्यातलं एक भजनी मंडळ, नंतर दोन वर्षं पाचपाखाडीतला वारली चित्रांचा वर्ग. तब्येतीला दोन्ही चांगलंच, प्रश्न आपल्याला काय हवंय हा आहे.

घरात एकटं वाटत असेल तर गाण्याला तोड नाही. मंगळवारी मंडळात गेलो नाही की बुधवारी चहाच्या आत तीन फोन. सॅन फ्रान्सिस्कोत 12 केंद्रांतल्या 390 ज्येष्ठांवर समूहगानाचा प्रयोग झाला, तो 2018 साली छापून आला. सहा महिन्यांत एकटेपण कमी झालं, जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्तीत आणि चालण्या-उठण्यात मात्र फरक दिसला नाही.

मग सोडलं का? पट्टीपायी, म्हणजे पेटीवर सा कुठल्या सुरावर धरायचा त्यापायी. माझी पट्टी काळी एक. मंडळात आम्ही पुरुष चारच, बाकी बायका, त्यामुळे पेटी लागायची त्यांच्या उंच पट्टीत, काळी चारला. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, गाठायचा तर मानेच्या शिरा ताठ, खाली खर्जात उतरावं तर माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. रात्री घसा धरायचा. एकदा भीतभीत विषय काढला, तर ‘काका, तुम्ही टाळ धरा ना’ असं उत्तर आलं. प्रेमानंच म्हणाले, पण टाळ धरायला मी गेलो नव्हतो.

वारलीत ही भानगड नाही. ज्याचा त्याचा कागद, ज्याची त्याची पट्टी. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणूस झाला, हे ऐकायला सोपं. माझी पहिली माणसं कमरेत मोडलेली होती. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर काढताना शेवटचा माणूस पहिल्याच्या हाताला मिळायला हवा. तो मिळेपर्यंत तास जातो आणि तेवढ्या वेळात गुडघा दुखतोय हे आठवत नाही. चहाचा कप पूर्वी बशीत खडखडायचा, तो आता कमी खडखडतो असं बायको म्हणते. वारलीमुळेच का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

जर्मनीत न्युरेंबर्गला 28 निवृत्तांपैकी निम्म्यांनी 10 आठवडे चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयात चित्रं बघून चर्चा केली. चित्रं काढणाऱ्यांच्या मेंदूच्या भागांमधली जोडणी सुधारली, नुसती चर्चा करणाऱ्यांची नाही. 28 म्हणजे काही फार नव्हेत, तरी मला ते पटलं.

वारलीची खोट एवढीच, की वर्गात कोणी फारसं बोलत नाही, आणि चित्रं साठत जातात. आमच्या कपाटावर आता जागा नाही.

गाण्याकडेच ओढा असेल तर जरूर जा. फक्त पैसे भरायच्या आधी पेटी कुठल्या पट्टीत लागते ते विचारून घ्या. बायको त्याच मंडळात अजून जाते. तिची काळी चारच आहे.