अर्ध्या किलोचं चांदीचं नाणं आणि टक्क्यातली मजुरी

धनत्रयोदशीच्या आठ-दहा दिवस आधी पेढ्यांच्या काचेत मोठी नाणी मांडली जातात. शंभर ग्रॅम, अडीचशे, अर्धा किलो, किलो. लक्ष्मी-गणपतीचा ठसा, गोल पारदर्शक डबी, कडेला 999 चा, म्हणजे 99.9 टक्के शुद्धतेचा, शिक्का. हातात घेतलं की वजन जाणवतं आणि गिऱ्हाईक एवढंच विचारतं, "चांदी खरी आहे ना?" चांदी बहुतेक वेळा खरीच असते. अर्ध्या किलोमागे पंधरा हजार रुपये जातात ते दुसऱ्याच वाटेने, आणि तेही पक्क्या बिलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

एक व्यवहार मांडून बघा. समजा त्या दिवशी शुद्ध चांदीचा भाव किलोला 1,50,000, म्हणजे ग्रॅमला 150 रुपये. अर्ध्या किलोच्या नाण्यात 75,000 ची चांदी. दुकानदार सांगतो, "सगळं धरून ग्रॅमला 170." झाले 85,000. त्यावर 3 टक्के जीएसटी 2,550. गिऱ्हाइकाने मोजले 87,550. पुढच्याच आठवड्यात अडचण निघाली आणि नाणं मोडायला नेलं. भाव तोच. मोड घेणारा घट आणि टंच (शुद्धतेची परख) सांगून 4 टक्के कापतो, म्हणजे ग्रॅमला 144. हातात येतात 72,000. आठवड्यात 15,550 गेले. ना चांदी खोटी, ना काटा खोटा. मुद्दल नुसतं परत मिळायला भाव किलोला सुमारे 1,82,400 व्हायला हवा, म्हणजे एकवीस टक्क्यांहून जास्त वाढ.

ही फसवणूक मजुरी लावायच्या पद्धतीत आहे. दहा ग्रॅमच्या नाण्यावर ग्रॅमला 20 रुपये वरचे घेतले तर दोनशे रुपये होतात. चकती कापणं, ठसा मारणं, कड घासणं, डबी, दुकानाचा नफा धरता ते समजण्यासारखं आहे. पण तोच दर अर्ध्या किलोला लावला की एका ठशाचे दहा हजार होतात. ठसा मोठा लागतो, दाब जास्त लागतो, हे खरं. पण काम पन्नास पटीने वाढत नाही. म्हणून नाणं जितकं मोठं तितकी ग्रॅममागची मजुरी उतरत गेली पाहिजे. पायल किंवा निरांजनाची मजुरी वजनावर ठरते त्याला कारण आहे, तिथे कारागिराचा हात फिरतो. नाण्यावर मजुरी नगावरच मागावी. दुकानदार टक्क्यावर किंवा ग्रॅमवरच अडून बसला तर ते नाणं घेऊच नका, मग ते कितीही सुबक असो.

तीच अर्धा किलो चांदी साध्या लगडीत (चांदीच्या विटेत) ग्रॅमला 3 रुपये वर देऊन घेतली, तर जीएसटीसह 78,795 पडतात. मोडताना 1 टक्का कापला तरी 74,250 परत येतात. तोटा साडेचार हजारांचा, आणि त्यातलाही निम्मा भाग जीएसटीचा, जो सामान्य गिऱ्हाइकाला कुठेच परत मिळत नाही.

भाव घासून घ्यायचा तर आधी तुलना कशाशी करायची ते ठरवा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज 999 चांदीचा किलोचा दर जाहीर करते. त्यात जीएसटी आणि मजुरी नसते. दुकानदाराचा आकडा जीएसटी वगळून घ्यायचा, नाण्यातल्या शुद्ध चांदीच्या ग्रॅमनी भागायचा आणि त्या दराशी ताडायचा. "ऑफर", "मजुरीवर पन्नास टक्के सूट" हे शब्द या भागाकारात टिकत नाहीत, कारण मजुरीवर सूट देताना चांदीचाच भाव चढवून लावलेला असतो.

मग मोडीचा प्रश्न, तोही पैसे देण्याआधी: "हेच नाणं आत्ता परत दिलं तर रोख किती?" "त्या दिवशीच्या भावाने परत घेऊ" या उत्तरावर थांबू नका. विक्रीचा भाव वेगळा, मोडीचा वेगळा. रोख देणार की फक्त दागिन्यांच्या बदल्यात? डबी उघडलेली असली तर कापणार का? काय ठरलं ते बिलावर लिहून मागा. एका पेढीचं नाणं दुसरी पेढी सहसा शंका घेऊनच बघते, त्यामुळे हे लिखित वाक्यच पुढे कामी येतं.

बिलावर वजन, शुद्धता, चांदीचा दर आणि मजुरी या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात. नुसतं "चांदी नाणे 1 नग" असं बिल म्हणजे उद्या भांडायला काहीच नाही. 3 टक्के वाचवायला म्हणून कच्ची पावती घेणारे तर तक्रारीचा पुरावा स्वतःच सोडून देतात. वजन डबीसकट झालं नाही ना ते पाहा. "पन्नास तोळ्यांचं" म्हटलं तर तोळा दहा ग्रॅमचा की जुना 11.66 चा, ते आधी ठरवा. मधल्या मूर्तीवर सोन्याचा मुलामा किंवा रंगीत मिना असेल तर त्याचे पैसे घेताना द्यावे लागतात, मोडताना त्याचं काही येत नाही.

आता खरेखोटेपणाचं. खऱ्या चांदीवर बर्फ झटकन वितळतो असं घरच्या व्हिडिओत दाखवतात, पण तो तांब्यावरही जवळपास तितक्याच घाईने वितळतो, आणि लोहचुंबक लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतं. कसोटीचा दगड आणि आम्ल वरचा थर सांगतात. एक्स-रे यंत्रसुद्धा पृष्ठभागाचा फार पातळ थर वाचतं. मोठ्या नाण्यात आत दुसरा धातू लपवायला जागा भरपूर, म्हणून इथे पाणी जास्त उपयोगी. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याचं रुंद, हलकं भांडं; काटा शून्य करायचा. नाणं डबीतून काढून बारीक दोऱ्याने बांधायचं आणि पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळत धरायचं, तळाला वा कडेला न टेकवता. चिकटलेले बुडबुडे बोटाने झटकायचे. आता काटा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. 500 ग्रॅम शुद्ध चांदीला आकडा 47.7 च्या आसपास येतो. 925 असेल तर 48.3, ऐंशी टक्के चांदी आणि वीस टक्के तांबं असेल तर 49.3. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं 55 च्या पुढे जातं, जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नसतेच, त्याहूनही वर. शिसं भरलेलं असेल तर आकडा उलट खाली येतो आणि टिचकी मारल्यावर आवाज बद्द येतो. शिशात हलका धातू मोजून मिसळला तर घनता जुळवता येते, तेव्हा किलोच्या नाण्याला शंका असली तर कडेला बारीक भोक पाडून टंच काढणं हाच पक्का इलाज.

चांदीचं हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक, आला. नाण्यावर तो असेल तर दुकानातच भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. नुसता 999 चा ठसा कुणीही मारू शकतं.

सरकारी स्मारक नाण्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथे बरेच जण चकतात. 35 ग्रॅमचं, 44 मिलिमीटरचं देखणं नाणं बघून आत 35 ग्रॅम चांदी आहे असं वाटतं. 2023 मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेल्या 75 रुपयांच्या नाण्यात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल आणि 5 टक्के जस्त आहे. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. संग्रहासाठी टाकसाळीकडून घ्या, आनंदाने घ्या. पण "चांदीत गुंतवणूक" म्हणून कुणी दुप्पट भावात गळ्यात मारत असेल तर नकोच. राणी छाप रुपयाचंही तसंच: वजन 11.66 ग्रॅम, शुद्धता 91.7 टक्के, म्हणजे चांदी 10.7 ग्रॅम. 1940 ते 1945 च्या रुपयांत चांदी निम्मीच, आणि तीही नाणी राणी छापच्या ढिगात मिसळून विकली जातात.

टंचाईचा काळ सगळ्यात वाईट. 2025 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये चांदी औंसाला (सुमारे 31 ग्रॅमला) 54 डॉलरवर गेली, आपल्याकडे दिवाळीची मागणी त्यात भर घालून गेली. माल मिळेना म्हणून काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. पेढ्यांवर भावाच्या वर आणखी प्रीमियम, आणि "आज पैसे, पंधरा दिवसांनी नाणं". धनत्रयोदशी 18 तारखेला झाली. त्यानंतर काही दिवसांतच भाव 50 डॉलरच्या खाली होता. त्या आठवड्यात घेतलेल्यांचा उतरलेला भाव पुन्हा चढू शकतो. टंचाईचा प्रीमियम मात्र मोडताना कुणी देत नाही. मुहूर्त साधायचाच असेल तर दहा ग्रॅमचं नाणं पूजेला पुरतं.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी नाणं घासू नये. काळं पडणं हा हवेतल्या गंधकाचा परिणाम आहे, खोटेपणाचा नाही, आणि काळेपणासाठी वजनात घट धरू देऊ नका. मोडायचं ठरलं तर एकाच दिवशी तीन पेढ्यांवर मोडीचा भाव विचारा, काट्यावर वैधमापनाचा चालू वर्षाचा शिक्का पाहा, बिलाप्रमाणे परत घ्यायला नकार आला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. टंचासाठी भोक पाडलं तर समोर उभं राहा. निघालेला कीस कागदावर घेऊन नाण्याबरोबरच तोलायला सांगा. अर्धा ग्रॅम कीस म्हणजे वरच्या भावाने 75 रुपये, आणि तो कागद बहुतेक वेळा गल्ल्याच्या आतल्या बाजूला सरकवलेला असतो.