जुन्या तसबिरीसारखा फोटो हवाय? फिल्टर, एआय, हाताने केलेलं काम की उन्हात काढलेला प्रिंट

पंच्याहत्तरी असो, लग्न असो की नाटकाचं पोस्टर, “एकोणिसाव्या शतकातला वाटेल असा फोटो हवा” म्हणणारे बहुतेक जण आधी तपकिरी रंग मागतात आणि मग ओरखडे. मी मात्र जुना फोटो कुंकवावरून ओळखते. त्या काळच्या तसबिरीत कुंकू काळंभोर दिसतं, आणि आपण निवडलेल्या पद्धतीला ते जमतं का, हे मी सगळ्यात आधी बघते.

कारण रसायनात आहे. इंग्रज छायाचित्रकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये कलोडियन या चिकट द्रवाची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घ्यायचा. या काचेला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा दिसे, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून लाल लुगडं काळं, झेंडूची माळ गडद आणि निळं आभाळ कोरं पांढरं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती याच काळात, 1854 साली.

तयार फिल्टर दोन मिनिटांत काम उरकतो. पण बहुतेक फिल्टर नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर तपकिरी थर चढवतात, त्यामुळे कुंकू करडंच राहतं. ओरखडेही दर फोटोवर त्याच जागी पडतात. व्हॉट्सॲपवरच्या निमंत्रणाला हे पुरतं. फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीड या फोटो-संपादनाच्या ॲपच्या काळ्या-पांढऱ्या साधनात निळा रंग-फिल्टर मिळतो. तो आधी लावा, बाकीचं नंतर.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ओळखीच्या माणसासाठी नको. चित्र देखणं येतं, पण डोळ्यांतलं अंतर बदलतं, हनुवटी बदलते, नथीच्या मोत्यांचं भलतंच काहीतरी होतं. ज्या आजीसाठी एवढा खटाटोप, तीच फोटोत उरत नाही. मागचा रंगवलेला पडदा बनवायला मात्र वापरायला हरकत नाही.

वेळ काढता येत असेल तर स्वतः हाताने करा. गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातला मोनो मिक्सर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल, हिरवा, निळा किती मिसळायचा ते ठरवणारं साधन, या कामाला पुरेसा आहे. लाल शून्यावर आणा आणि जवळजवळ सगळा भार निळ्यावर टाका. इथे आपल्याकडची एक अडचण येते. सावळ्या, गव्हाळ त्वचेतून निळा प्रकाश कमी परततो, त्यामुळे चेहरा फार काळवंडतो आणि प्रत्येक डाग उठून दिसतो. जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरे उजळत. मी निळा सत्तर, हिरवा तीस इथून सुरुवात करते आणि चेहरा ओळखीचा वाटेपर्यंत हिरवा वाढवते. हिरवा जास्त झाला की फोटो नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट्सकडे झुकतो. त्यांना हिरवा दिसे, लाल नाही, म्हणजे कुंकू तरीही काळंच.

या पद्धतीचं यश मूळ फोटोवर ठरतं. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निळा प्रकाश इतका कमी असतो की फोटोच्या निळ्या चॅनेलमध्ये (निळ्या रंगाच्या थरात) नुसते दाणे दिसतात. दिवसा, सावलीत किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी बसवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्या. फोनचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो केसांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखा धूसरपणा देतो, तर पेट्झवाल नावाच्या जुन्या पोर्ट्रेट भिंगात डोळे धारदार, कान जरा मऊ आणि कडा भोवऱ्यासारख्या विरत जात. बसणाऱ्याला काही सेकंद अजिबात हलू नका म्हणून सांगा. चेहऱ्यावर जो शांतपणा उतरतो, तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

टिनटाइपसारखा, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काढलेल्या जुन्या फोटोसारखा, हवा असेल तर शेवटी फोटो आडवा उलटा करा, कारण त्या पत्र्यावर प्रतिमा आरशातल्यासारखी येई. डाव्या नाकपुडीतली नथ उजव्या नाकपुडीत दिसली तर ती चूक समजू नका. अल्ब्युमिन प्रिंटसारखा (अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावरच्या फोटोसारखा) हवा असेल तर उलटवू नका.

चौथा मार्ग खर्चिक आणि धीराचा आहे, पण हातात खरी वस्तू येते. वरच्या पद्धतीने केलेल्या फोटोची निगेटिव्ह पारदर्शक शीटवर छापून घ्यायची आणि रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात प्रिंट काढायचा. सॉल्ट प्रिंट तपकिरी येतो, पण त्यात सिल्व्हर नायट्रेट लागतं. ते हाताला काळे डाग पाडतं आणि डोळ्यांना घातक आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. नवख्याने सायनोटाइप, म्हणजे लोखंडाच्या क्षारांनी येणारा निळा प्रिंट, करावा. त्याचा निळा रंग चहाच्या पाण्यात बुडवला की काळपट होतो.

भेट म्हणून द्यायचा असेल तर मी हाताने केलेलं काम निवडेन आणि प्रिंट लहान काढेन. तेव्हाचं कार्ट द व्हिझिट, म्हणजे भेट म्हणून द्यायचं छोटं फोटो-कार्ड, साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर असे. पातळ, किंचित चकाकणारा कागद घ्या, तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडा.