ऑफिससाठी एआयचं ट्रेनिंग घ्यावं का? आमचा अनुभव, साडेतीन स्टार

दिवाळीनंतर आमच्या सरांनी ऑफिसला एआयचं एक दिवसाचं ट्रेनिंग लावलं होतं, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की कसं होतं, घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ट्रेनरचं नाव टाकत नाहीये, जाहिरात पण नको नि बदनामी पण नको, तसंही असे ट्रेनर आता गल्लोगल्ली झालेत.

आमचं नाशिकचं सीए ऑफिस, पंधराएक माणसं. सीए, आर्टिकलची (म्हणजे सीए होण्यासाठी ट्रेनिंग घेणारी) पोरं आणि बाकी आम्ही अकाउंट्सवाले, म्हणजे टॅलीत एंट्र्या मारणारे, पर्चेस रजिस्टर जीएसटीच्या टू-बी स्टेटमेंटशी जुळवणारे, बिलं द्या हो बिलं द्या म्हणत क्लायंटच्या मागे लागणारे. एआय आलं तर पहिली कुऱ्हाड कोणावर, हे सांगायला ट्रेनर लागत नाही. त्यात जुलै 2025 मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या वर लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, कारण एआय नाही असं कंपनीने सांगितलं खरं, पण ज्याचा भाऊ नाहीतर भाचा पुण्यात आयटीला आहे त्याच्या घरात रोज तोच विषय. त्यामुळे ट्रेनिंगचा मेसेज ग्रुपवर पडला तशी कुजबुज सुरू झाली, आपलं काम आपल्याच हातून मशीनला शिकवून घेणार आणि मार्चनंतर नारळ देणार.

सकाळचं सेशन अगदीच सुमार. इंग्रजी स्लाइड्स, सगळी उदाहरणं मार्केटिंग आणि आयटीची, आणि ते हजारदा ऐकलेलं वाक्य, की एआय तुमची नोकरी घेणार नाही, एआय वापरणारा माणूस घेईल. अहो पण नोकरी गेली ती गेलीच ना, कोणी नेली याने काय फरक पडतो! मग बँकांचं उदाहरण आलं, ऐंशीच्या दशकात युनियननी कॉम्प्युटरला केवढा विरोध केला, शेवटी काय झालं, बँका वाढल्याच ना. यावर आमचे जुने अकाउंटंट काका, जे एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "2000-01 ला सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, काढली तेव्हा लाखभर माणसं घरी बसली, त्यात माझा मेहुणा होता, ते पण सांगा की." एकदम शांतता. इथे मला ट्रेनर पहिल्यांदा आवडला, कारण त्याने वाद घातला नाही, स्लाइड्स बंद केल्या आणि म्हणाला, काका बरोबर बोलतायत, आपण तिथूनच सुरू करू.

मग त्याने सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता मनातली भीती लिहा म्हणाला. आता हे खेळ आपण कुठे कुठे बघितलेत, पण पुढे त्याने जे केलं त्याचेच मी पैसे वसूल समजते. चिठ्ठ्या स्वतः न वाचता सरांच्या हातात दिल्या. वाचा आणि तुम्हीच उत्तरं द्या, मी बाहेरचा माणूस, मी काय शब्द देणार. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकाने लिहिलं होतं, मला इंग्रजी टाइप करता येत नाही. एकाने, एआयने चूक केली तर ओरडा कोणाला. आर्टिकलपैकी कोणीतरी, एंट्री आणि रेको (हिशेबांची जुळवणी) मशीन करणार तर आम्ही शिकणार काय. आणि एक चिठ्ठी होती, वेळ वाचला की सर दुप्पट क्लायंट घेणार आणि पगार तोच राहणार. ही वाचताना सर स्वतःच हसले.

उत्तरं सगळी गोड नव्हती. एआयमुळे येत्या वर्षभरात कोणाला काढणार नाही हे सरांनी सांगितलं, आणि ट्रेनरने तिथल्या तिथे ग्रुपवर लिहायला लावलं. एंट्रीसाठी नवीन माणूस घेणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. पगाराचं मात्र "बघू" वर गेलं. तरी मला वाटतं अर्धी भीती तिथेच उतरली, कारण आम्ही मशीनला घाबरत नव्हतोच मुळी, सरांच्या मनात काय चाललंय ते कळत नव्हतं म्हणून घाबरत होतो. कोणताही ट्रेनर मालकाला मागच्या खुर्चीत बसवून फक्त स्टाफला "घाबरू नका" शिकवणार असेल तर ते ट्रेनिंग फुकट दिलं तरी घेऊ नका.

अजून एक भारी भाग, कबुलीचा. कोणाला काही बोलणार नाही असं सरांकडून आधी वदवून घेतलं आणि विचारलं, आत्ता कोण कोण वापरतं? आर्टिकलच्या पोरांनी एकमेकांकडे बघत हात वर केले, जवळजवळ सगळ्यांनी! नोटीशीच्या उत्तरांचे ड्राफ्ट गुपचूप मोबाइलवर चालले होते, एकाने तर क्लायंटचं बँक स्टेटमेंट जसंच्या तसं फुकटच्या ॲपमध्ये टाकलं होतं. सरांना घाम फुटला, आणि फुटायलाच हवा, कारण क्लायंटची माहिती परवानगीशिवाय बाहेर देणं हे 1949 च्या सीए कायद्यातच गैरवर्तन म्हणून लिहिलंय, आणि जानेवारी 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने पण आपल्या लोकांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका म्हणून सांगितलं होतं. त्याच दुपारी एक पानी नियम झाला. पॅन, जीएसटी नंबर, नाव, खाते क्रमांक काढल्याशिवाय काही टाकायचं नाही, ऑफिसने घेतलेल्या अकाउंटवरूनच वापरायचं, आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद माणसाने वाचलाच पाहिजे. पान आता प्रिंटरच्या वर चिकटवलंय.

प्रात्यक्षिकात त्याने काकांनाच बसवलं. मराठीत बोलून विचारा म्हणाला, टाइप नको. काकांनी विचारलं, स्टाफच्या जेवणाच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं का. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) सकट उत्तर आलं, बरंचसं बरोबर. मग ट्रेनर म्हणाला, आता यावर हायकोर्टाचा निकाल मागा. निकाल आला, पार्टीचं नाव, साल, सगळं रुबाबात. पोरांनी शोध शोध शोधला, असा निकालच नाही! आणि मग त्याने सांगितलं की ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट (कर ठरवणारी) ऑर्डर रद्द केली त्याचं एक कारण हेच, अधिकाऱ्याने तीन असे निकाल आधाराला घेतले होते जे कुठेच नव्हते, आणि त्याआधी बंगळुरूच्या इन्कम टॅक्स ट्रिब्युनललाही अशाच बोगस निकालांमुळे डिसेंबर 2024 मध्ये दिलेली आपली ऑर्डर मागे घ्यावी लागली होती. काका एकदम खुश. म्हणजे तपासायला माणूस लागणारच की, असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे असं बघितलं जसं काय तेच केस जिंकून आलेत.

पण आर्टिकलवाल्या चिठ्ठीचं उत्तर ना ट्रेनरकडे होतं ना सरांकडे. काकांना चूक दिसते कारण त्यांनी वर्षानुवर्षं हाताने वह्या लिहिल्या, जुळवल्या. ज्या पोराने कधी हाताने रेको केलंच नाही त्याला मशीनची चूक कशी दिसणार? ट्रेनर म्हणाला, चांगला प्रश्न आहे. चांगला आहे ते माहितीये हो, उत्तर द्या! शेवटी आमच्या मॅडमनी ठरवलं, पहिले सहा महिने आर्टिकलने सगळं हातानेच करायचं. पोरं वैतागलीत, पण मला पटलं.

आता तक्रारी. एक दिवसाला वीस हजारांच्या घरात घेतले, त्यात मराठीत छापलेलं एक पान नाही. नंतर मदत करू म्हणाले ते म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर "ही पन्नास टूल्स तुमचं आयुष्य बदलतील" छापाचे फॉरवर्ड येतात, मी म्यूट केलाय. आणि दुसऱ्या सेशनचे पैसे वेगळे, हे पहिल्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी कळलं.

सध्या काय चालू आहे म्हणाल तर क्लायंटला मराठीत कागदपत्रांची यादी पाठवणं, नोटीशीच्या उत्तराचा पहिला ड्राफ्ट, एक्सेलचे फॉर्म्युले, एवढ्याला सगळे वापरतात. काका फक्त बोलून वापरतात आणि त्याला "अहो" म्हणतात. रेकोला अजून कोणी हात लावू दिलेला नाही.

बुक करणार असाल तर महिन्याच्या 11 ते 20 मध्ये अजिबात ठेवू नका, आमच्याकडे अर्धे लोक जीएसटी रिटर्नच्या टेन्शनमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. आणि तुमच्या ऑफिसचीच दोन-तीन कामं, नावं खोडून, आधी ट्रेनरला पाठवा, म्हणजे सकाळच्या त्या स्लाइड्स तरी टळतील. दुसरं सेशन घ्यायचं का विचारलं तर सर म्हणतात 20 तारीख जाऊ दे, मग बोलू.