मुक्तिसंग्राम दिनाची पत्रिका आणि परभणीतील एक डीटीपी केंद्र

परभणीच्या स्टेशन रोडलगत असलेल्या एका लहान डीटीपी केंद्राकडे आम्ही वाचनालयाचा वार्षिक अहवाल आणि १७ सप्टेंबरची निमंत्रणपत्रिका टंकलेखन व मुद्रितशोधनासाठी दिली होती. काम इतके चोख झाले की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी दुसरीकडून करून आणलेल्या पत्रिकेच्या नमुन्यावर ‘मराठवाडा मुक्तीसंग्राम दीन’ असे ठळक अक्षरांत होते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे केविलवाणा. १९४८ साली ज्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तोच दिवस केविलवाणा करून आम्ही गावभर वाटणार होतो. येथील मुद्रितशोधक बाईंनी ‘दीन’ तर दुरुस्त केलाच, शिवाय ‘मुक्ती’खालीही लाल रेघ ओढली. सुटा शब्द ‘मुक्ती’ असा दीर्घान्त लिहायचा, पण सामासिक शब्दात तो आधी आला की मुळातल्याप्रमाणे ऱ्हस्व ठेवायचा, म्हणून ‘मुक्तिसंग्राम’, हे त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवले. त्या तक्त्यावर शुद्धलेखनाचे अठराही नियम आहेत: १९६२ मधले चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार.

अहवालात ‘फाटलेल्या सभासदांची ओळखपत्रे बदलून देण्यात आली’ असे वाक्य होते. कार्यकारिणीतील पाच जणांनी ते वाचून सह्या केल्या होत्या. प्रूफ पाहताना मात्र सगळे पोट धरून हसले. विशेषण आपल्या नामाशेजारी नेल्यावर ‘सभासदांची फाटलेली ओळखपत्रे’ झाली आणि सभासद शाबूत राहिले. ‘करण्यात आले’, ‘मांडण्यात आला’ अशा प्रत्येक क्रियापदाच्या कडेला बाईंनी ‘कोणी?’ असे लिहून ठेवले होते. त्याची उत्तरे शोधताना दोन ठरावांच्या सूचकांची नावे इतिवृत्तात नोंदलेलीच नाहीत, हे आम्हाला प्रथमच कळले.

एका ज्येष्ठ वाचकाच्या मनोगतातील ‘लई’ त्यांनी ‘खूप’ केले, हे मला पटले नाही. माणसाचे बोलणे त्याच्याच बोलीत छापले पाहिजे. तसे सांगताच त्यांनी मूळ शब्द परत घातला.

दर पानामागे ३० रुपये आहे. ज्यांना तासाभरात फ्लेक्स हवा असेल, त्यांनी येथे जाऊ नये, लग्नपत्रिकेतील ‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी दोन दिवस हाताशी ठेवून अवश्य जावे.